पाटीपूजन, डिपोटी आणि झेंडावंदन

चांदणी चौक मागे टाकून पौडच्या सडकेला लागले, की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे ओलांडीत प्रवासी हळूहळू मावळी मुलखात शिरतो. आणि पौडपासून पुढे माले, मुळशी, ताम्हिणी असा पश्चिमेकडे सरकत गेला, तर एका दिवसाच्या वाटचालीत त्याला पावसाचे, पिकांचे आणि वस्तीचे इतके निरनिराळे प्रकार आढळतात, की हा सारा मुलूख एकाच मामलेदाराच्या हुकमतीखाली येतो हे खरे वाटू नये. या मुळशी तालुक्याविषयी ज्यांनी लेखणी चालविली त्यांनी कोरीगड आणि घनगड यांच्या तटबंद्या वर्णिल्या, मोसे खोऱ्यातील बाजी पासलकरांचे स्मरण केले, आणि धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाविषयी तर विपुल लिहिले. परंतु गावोगावच्या मराठी शाळांनी गेल्या दीडशे वर्षांत कोणते सण साजरे केले, कोणाच्या हुकमाने केले, आणि त्या दिवशी मुलांच्या हातावर खाऊ कोणी ठेविला, हा विषय इतिहासाच्या पंक्तीला बसण्याजोगा कोणास वाटला नाही. माझ्या मते शाळा कोणाची होती हे ताडण्यास याहून नेमके साधन नाही. अभ्यासक्रम सरकार ठरविते, इमारत लोकवर्गणीने किंवा फंडाच्या पैशाने उभी राहते, मास्तर बदलीवर येतो आणि बदलीवर जातो; पण शाळेला सुट्टी कोणत्या दिवशी आणि उत्सव कोणत्या दिवशी, याचा निर्णय ज्याच्या हाती असतो तोच तिचा खरा धनी.

अव्वल इंग्रजीपूर्वीच्या काळात हा धनी निर्विवादपणे गावच होता. मुंबई इलाख्यातील देशी शाळांची पाहणी १८२० ते १८३० या दशकात सरकारने करविली आणि तिचे कागद पुढे रा. वि. परुळेकर यांनी मोठ्या परिश्रमाने छापून प्रसिद्ध केले. त्यांवरून दिसते, की १८२९ च्या सुमारास इलाख्यात लहानमोठ्या मिळून सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजार विद्यार्थी होते, आणि त्यांतील सरकारी शाळा हाताच्या बोटांवर दोनतीनदा मोजून संपतील इतक्याच होत्या. बाकी सारा कारभार पंतोजींचा. देवळाच्या ओवरीत, चावडीवर किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत ही शाळा भरे. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरविणे, मोडी वळण, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांची घोकणी, एवढा तिचा विद्याविस्तार. आणि वेतन म्हणाल तर पैसा थोडा नि शिधा अधिक. सुट्टीसाठी रविवार कोणास ठाऊक नव्हता. अमावास्या आणि पौर्णिमा या तिथींना शाळा बंद राहत असे, आणि सणावारी पंतोजीच्या पदरात गावाकडून काही ना काही पडत असे. म्हणजे शाळेचे पंचांग आणि गावाचे पंचांग ही दोन नव्हती.

या पंचांगातील मुख्य सण दसरा. त्या दिवशी पाटीवर एकच्या आकड्यांची विशिष्ट मांडणी करून सरस्वतीची आकृती काढावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचे, आपट्याची पाने ठेवावयाची, आणि पूजेनंतर ती पाटी डोक्याशी लावावयाची, हा विधी आजही मुळशीच्या शाळांतून होतो. त्याला कोणाचे परिपत्रक लागलेले नाही. आंबेमोहराच्या खाचरांत त्या सुमारास लोंब्या बाहेर पडू लागलेल्या असतात, आणि मावळातील शेतकऱ्याच्या मनाला वर्षभरातली पहिली स्वस्थता लाभलेली असते. त्यामुळे पाटीपूजनाला पालक येतात, आणि ज्या घरात अक्षरशत्रुत्व पिढीजात आहे त्या घरचीही नवी पाटी त्या दिवशी पूजेला लागते. मुलींचा हादगाही याच दिवसांतला. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, की पाटावर किंवा पाटीवर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरावयाचा, आणि शेवटी डब्यातील खिरापत ओळखावयास लावून सर्वांना वाटावयाची, हा अंगणातला खेळ मुली शाळेत येऊ लागल्यावर त्यांच्यामागोमाग शाळेत आला. मुली मात्र शाळेत फार उशिरा आल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढली. भिडेवाडा ते पौड हे अंतर पायी एका दिवसाचे, पण ते ओलांडून मावळातल्या पटावर मुलींची नावे लागण्यास कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. आज ३ जानेवारीस सावित्रीबाईंच्या जयंतीला ज्या मुली नऊवारी नेसून आणि कपाळी आडवे कुंकू लावून भाषणे करतात, त्यांच्यातील बहुतेकींच्या पणजीने शाळेचा उंबरा पाहिलेला नसणार.

या जुन्या उत्सवांविषयी लिहिताना मन हळवे होते आणि लेखणी सैल पडते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. देवळात भरणारी शाळा म्हणजे ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांना मज्जाव असलेली शाळा. महारामांगांची मुले सरकारी शाळा निघाल्यानंतरही पुष्कळ ठिकाणी ओट्याखाली किंवा पडवीत बसत, आणि त्यांच्या पाटीवरची सरस्वती पूजेच्या रांगेत लागत नसे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर होऊन सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या झाल्या. पण ठराव दप्तरात राहतो आणि बैठक ओट्यावर ठरते. गावकीच्या शाळेत जो जिव्हाळा होता तो या भिंतीच्या आतला होता.

सरकारी शाळाखाते १८५५ मध्ये स्थापन झाले, आणि पुढील दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागून त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लागू झाला. त्या काळी मुळशी हा हवेली तालुक्याचा एक पेठा होता. पौड येथे महालकऱ्याची कचेरी, आणि वसुलाच्या मानाने हा पेठा दरिद्रीच. ज्या भातकऱ्याकडून हा आणा वसूल होई त्याच्याच गावात शाळा नसावी, असा प्रकार सर्रास होता. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी नेमके यावरच बोट ठेविले, की कुणब्याच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेडी कोरडी राहतात. सरकारी अहवालांच्या ढिगात इतके सरळ वाक्य क्वचितच सापडेल.

ज्या गावांत शाळा निघाली तेथे मात्र एक नवाच सण सुरू झाला, तो म्हणजे डिपोटीची फेरी. डेप्युटी इन्स्पेक्टर या अधिकाऱ्याचे नाव खेड्यांनी आपल्या जिभेला साजेल असे करून घेतले, आणि त्याच्या आगमनाची वर्दी म्हणजे एका मोठ्या वार्तेचा स्फोट. अंगण सारवले जाई, टोप्या धुतल्या जात, एरवी गुरांमागे असणारी मुले त्या दिवसापुरती पटावरच्या नावानिशी हजर होत, पाटलाच्या घरून दूध येई, आणि मास्तरांचा घसा दोन दिवस आधीच बसलेला असे. डिपोटीसाहेबांनी एखाद्या मुलाला दिडकी विचारावी, दुसऱ्याकडून कविता म्हणवून घ्यावी, तिसऱ्याला नकाशावर पुणे दाखवावयास सांगावे, आणि अखेरीस शेरेबुकात आपला अभिप्राय नोंदवून घोड्यावर बसावे. त्या दोन ओळींवर मास्तरांची बढती अवलंबून. या समारंभाला भीतीचा पाया होता हे खरे, तथापि गावाला प्रथमच असे वाटले, की बाहेरचा कोणी हुद्देदार सारावसुलीशिवाय अन्य कारणाने आपल्याकडे आला, आणि आपल्या पोराला प्रश्न विचारून गेला. या अनुभवाचे मोल कमी लेखू नये.

वार्तेचा उल्लेख आलाच आहे, तर शाळेच्या दुसऱ्या एका कामाकडेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील अनेक खेड्यांतून टपालाची शाखा मास्तरांच्याच स्वाधीन केलेली असे. अल्पशा जादा मुशाहिऱ्यावर तो टपाल घेई, शिक्का मारी, आणि बहुतेक वेळा पत्र ज्याचे त्याला वाचूनही दाखवी. मावळातील तरुण गिरणीकामासाठी किंवा हमालीसाठी मुंबईस जाऊ लागले तेव्हापासून त्यांची खुशाली, त्यांची मनिऑर्डर आणि कधी त्यांच्या मृत्यूची वार्ता या एकाच इसमाच्या मुखातून घरी पोहोचत असे. केसरी १८८१ साली निघाला. गावात त्याचा एखादा अंक आलाच तर तो फोडण्याचा मान मास्तरांचा आणि ऐकण्याचा हक्क पारावर बसेल त्या सर्वांचा. आज परिपाठाच्या वेळी एक मुलगा उभा राहून सुविचार सांगतो, दुसरा दिनविशेष सांगतो आणि तिसरी मुलगी ठळक बातम्या वाचते, तेव्हा हे काम मास्तरांकडून मुलांकडे आले एवढाच फरक पडलेला असतो.

साम्राज्याने आपले सण शाळेत आणिले तेही मास्तरांच्याच मार्फत. राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव १८८७ मध्ये, हीरकमहोत्सव १८९७ मध्ये, दिल्ली दरबार १९११ मध्ये. अशा प्रसंगी शाळांना सुट्टी मिळे, मुलांना मिठाई वाटली जाई, आणि राजनिष्ठेची पद्ये म्हणवून घेतली जात. यांतील १८९७ च्या उत्सवाची रात्र पुणे जिल्ह्याला विशेष स्मरणीय झाली, कारण २२ जून रोजी गव्हर्नमेंट हाऊसमधील समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढे १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळीत पडू नये असा दंडक घातला. म्हणजे सरकारचा उत्सव हा उत्सव आणि टिळकांचा शिवजयंतीचा उत्सव हे राजकारण, अशी वाटणी ठरली. मुलांना मात्र पेढा कोणत्या पक्षाचा आहे याची चिकित्सा नसते.

या साऱ्या उत्सवी कारभारावर मुळशी खोऱ्यात एकदा मोठे मळभ आले. टाटा कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजगृहाकडे सोडण्याची योजना आखली, आणि लँड ॲक्विझिशनच्या कायद्याखाली खोऱ्यातील गावांवर जप्तीच्या नोटिसा लागल्या. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला आरंभ झाला तो १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी. सणाची तिथी साधून लढा पुकारण्यामागे ज्या लोकांना उठवावयाचे त्यांचे पंचांग कोणते आहे याची अचूक जाण होती. शि. म. परांजपे यांच्यासारखा मोठा लेखक त्यापायी तुरुंगात गेला, स्वतः बापटांना अनेक वर्षांची शिक्षा झाली, १९२४ च्या अखेरीस लढा मावळला, आणि काही वर्षांतच पाणी चढले. विस्थापित गावांची घरे, देवळे आणि शेते यांची गणती मोबदल्याच्या कागदांत आहे. पण गाव उठते तेव्हा पटावरची मुले दहा दिशांना पांगतात, नव्या गावच्या दसऱ्यात त्यांच्या पाट्या शेवटी लागतात, आणि या हानीचा दर कोणत्याही निवाड्यात लावलेला नसतो. पुढे मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले तेव्हा याच प्रकरणाची पुनरावृत्ती शेजारच्या खोऱ्याने पाहिली.

स्वातंत्र्यानंतर शाळेचे पंचांग तिसऱ्यांदा बदलले. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी हे दोन दिवस आता मुख्य झाले. पण राष्ट्राने हे दिवस निवडताना ताम्हिणीच्या पावसाला विचारले नव्हते. ज्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे ऑगस्टातले झेंडावंदन म्हणजे इरल्याखाली किंवा छत्रीखाली उभे राहून, भिजून जड झालेला आणि काठीलाच चिकटून बसलेला ध्वज फडकला असे मानून घेणे होय. खरी प्रभातफेरी निघते ती जानेवारीत. भात झोडून झालेले असते, रस्ते कोरडे असतात, लेझीमचा आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो. मुळशीच्या पश्चिम भागातील शाळेचे सारे वर्षच असे पावसाने कापलेले आहे: जूनच्या मध्यास वाजतगाजत प्रवेशोत्सव, पहिलीच्या मुलांच्या पावलांचे रंगीत ठसे कागदावर घेणे, मग जुलैत आवणी सुरू झाली, की वरच्या वर्गातील मुले तरवा वाहण्यास शेतावर, आणि हजेरीपत्रकात रिकाम्या चौकटी. या चौकटींना अनास्था म्हणणारे अधिकारी पुष्कळ होऊन गेले. खाचरात माणूस कमी पडले तर वर्षाचे धान्य बुडते, हे ज्यांना समजले त्यांनी त्या काळात नवा धडा सुरू केला नाही आणि फेब्रुवारीत तो भरून काढला.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. बालभारतीची स्थापना १९६७ ची, आणि तिचे ‘किशोर’ मासिक १९७१ चे. त्यामुळे धरणापलीकडच्या वाडीतील मुलाच्या हाती पुण्यातल्या मुलाचेच पुस्तक आणि, मास्तर हौशी असले तर, तेच मासिक पडू लागले. वार्षिक निकाल महाराष्ट्रदिनी, झेंडावंदनानंतर, सर्वांदेखत वाचून दाखविण्याची रीत रूढ झाली, आणि गावोगाव स्नेहसंमेलने होऊ लागली. या संमेलनाला खेड्यात गॅदरिंग हेच नाव आहे, आणि ते जत्रेच्या खालोखालचे ठरते. देवळासमोर मंडप, भाड्याचा ध्वनिक्षेपक, आणि एखाद्या मुलीचा नाच रंगला की श्रोत्यांतून चिठ्ठी येते, अमुक यांच्याकडून शंभर रुपये, आणि सूत्रसंचालक मास्तर ती ठासून वाचतात. नागर अभिरुचीला हा प्रकार भडक वाटतो, आणि सिनेमाच्या गाण्यांचा अतिरेक मलाही रुचत नाही. परंतु या चिठ्ठ्यांच्या पैशातून शाळेची कपाटे, घंटा आणि पाण्याच्या टाक्या झालेल्या आहेत. निरोपसमारंभाचे तसे नव्हे. तेथे देखावा नसतो. बदली झालेल्या गुरुजींना किंवा बाईंना शालश्रीफळ देताना गावातील बायकांचे डोळे भरून येतात, कारण त्या माणसाने त्यांच्या पोरांची नावे, आजार आणि खोड्या दहा वर्षे लक्षात ठेविलेल्या असतात.

या गॅदरिंगला एक वर्ग मात्र कधीच नसतो. कातकरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे त्यांच्या मुलांच्या वाट्याला प्रवेशोत्सवाचा फुगा आणि स्वातंत्र्यदिनाचा लाडू येतो, जानेवारीची प्रभातफेरी, संमेलन आणि मेमधला निकाल येत नाही. नाव पटावर असते आणि मूल भट्टीवर. पूर्वी ओट्याखाली बसविलेल्यांची गोष्ट वर सांगितली. ही तिचीच पुढची पायरी आहे, आणि हिच्यासाठी कोणास ठराव मांडण्याचीही गरज भासलेली नाही.

आजचा तालुका तर दोन टोकांना ताणला गेला आहे. हिंजवडी आणि माण येथे संगणकउद्योगाची नगरी वसली, पिरंगुटास कारखाने आले, आणि तेथील जिल्हा परिषदेच्या शाळांत विदर्भ, मराठवाडा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेल्या मजुरांची मुले पाटीपूजनाला बसतात. त्याच वेळी धरणामागच्या वाड्यांत पट दहा-बारांवर उतरला आहे. वीसहून कमी पटाच्या अशा शाळा २०२३ च्या सुमारास राज्यात सुमारे १५ हजार होत्या, आणि शेजारच्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील पानशेतच्या समूहशाळेचे उदाहरण पुढे ठेवून त्या एकत्र करण्याचा विचार शाळाखात्याने त्याच वर्षी मांडला. मोठ्या शाळेत खेळगडी अधिक मिळतात आणि शिक्षकही अधिक, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बस पावसात बंद पडली तर मूल घरी राहील; आणि ज्या वाडीत शाळा नाही त्या वाडीत झेंडा कोण लावणार, याचे उत्तर त्या विचारात नाही.

शाळा हलल्या, की त्यांचे कपाटही हलते, आणि म्हणून शेवटी एक विनंती. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीतली जुनी दाखलखारीज रजिस्टरे अकस्मात मौल्यवान ठरली आणि वाचणाऱ्यांची धावाधाव झाली. जनरल रजिस्टर कायम जतन करण्याचा नियम आहेच. शेरेबुके, लॉगबुके, वर्गणीच्या याद्या आणि मुलांची हस्तलिखिते यांना मात्र कोणी वाली नाही, आणि इमारतीच्या दुरुस्तीत ती रद्दीवाल्याकडे जातात. मुळशीतील ज्या मुख्याध्यापकांच्या कपाटात असे कागद असतील त्यांनी ते फेकण्यापूर्वी पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि त्यांची छायाचित्रे आपल्या शाळेत ठेवावी.